४० मिनिटांची मधली सुट्टी : कोल्हापूरच्या पेठेतल्या एका शाळेचं प्रकरण

मधल्या सुट्टीनंतरच्या तासाची सुरुवात भांडणं मिटवण्यात जाते, हे कुठल्याही प्राथमिक शिक्षकाला सांगावं लागत नाही. "बाई, ह्यानं मला ढकललं." "बाई, हिनं माझी रेघ पुसली." "बाई, त्यो लई रडीचा डाव खेळतोय." कुणाचा गुडघा सोललेला, कुणाचं बटण तुटलेलं, दोघं-तिघं अजून घुश्शात. दहा-पंधरा मिनिटं अशीच संपायची. दोन वर्षांपूर्वी दिवाळीनंतरच्या बैठकीत हा विषय निघाला आणि त्यावर सुचलेला उपाय सगळ्यांनाच सोपा वाटला. सुट्टी २० मिनिटांची करायची, जेवण झालं की मुलांना वर्गात बसवायचं. सुट्टी कमी झाली की भांडणंही कमी होतील.

मी तेव्हा विरोध केला नाही, कारण माझ्याकडे सांगण्यासारखं काही नव्हतं. मुख्याध्यापक सरांकडून फक्त एक आठवडा मागून घेतला. सुट्टीत चहाला न जाता पायरीवर बसून बघायचं, एवढंच ठरवलं. त्या आठवड्यात काय दिसलं आणि पुढच्या दीड वर्षात आम्ही काय केलं, ते इथे लिहिते आहे. शाळेचं आणि मुलांचं नाव मुद्दाम देत नाही.

शाळा पहिली ते चौथी, प्रत्येक इयत्तेची एक तुकडी. इमारत काटकोनात बांधलेली आणि तिच्या कुशीत मैदान. मैदानाच्या एका कडेला कडुनिंब, दुसरीकडे पाण्याची टाकी आणि ४ नळ, तिसरीकडे खिचडी शिजते ती पत्र्याची शेड. पालक रिक्षा चालवणारे, भाजी विकणारे, चांदीकाम करणारे, बांधकामावर जाणारे. काही कुटुंबं विजापूर भागातून कामासाठी आलेली, त्यांच्या घरी कन्नड बोलतात.

पायरीवरचा आठवडा

पहिल्या दोन दिवसांत मी फक्त घड्याळ पाहिलं. वेळापत्रकात सुट्टी दीड ते दोन-दहा, म्हणजे ४० मिनिटं. घंटा झाली की चारही वर्ग एकदम नळांवर. हात धुवायची रांग, मग खिचडीची रांग, जेवण, ताट धुवायची पुन्हा रांग, शौचालयाची रांग. चौथीतला मुलगा कोपरानं वाट काढत पुढं जातो, पाच मिनिटांत ताट रिकामं करतो आणि मैदानात पोचतो. पहिलीतली मुलगी एकेक शीत निवडत खाते. ती ताट धुऊन मोकळी होते तेव्हा घंटेला सात-आठ मिनिटं उरलेली असतात. म्हणजे ४० मिनिटांची सुट्टी कागदावर होती. ज्यांना खेळाची सगळ्यात जास्त गरज, त्या पहिली-दुसरीच्या पोरांच्या वाट्याला तिचा जेमतेम पाचवा हिस्सा येत होता. आणि आम्ही ती आणखी निम्मी करायला निघालो होतो!

तिसऱ्या दिवशी मी मैदानाचा नकाशा काढला आणि जिथे भांडण होईल तिथे लाल पेन्सिलीनं फुली मारायला लागले. माझी समजूत अशी होती की तीन-चार मुलं मूळचीच दांडगी आहेत आणि ती जिथे असतील तिथे फुल्या पडतील. आठवडा संपला तेव्हा जवळजवळ सगळ्या फुल्या दोनच ठिकाणी गोळा झाल्या होत्या, एक नळांपाशी आणि दुसरी फुटबॉलच्या काठाला. ज्यांना मी वर्षभर दांडगं म्हणत होते, ती पोरं बहुतेक वेळ या दोन ठिकाणी उभी असायची, एवढंच.

फुटबॉलबद्दल थोडं सांगायला हवं. कोल्हापुरात मैदान म्हटलं की डोळ्यांपुढे तालमीची तांबडी माती येते नाहीतर फुटबॉल येतो. शाहू महाराजांनी १९१७ मध्ये संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं आणि कुस्तीसाठी खासबागेचं मैदानही उभं केलं, म्हणजे शिकणं आणि खेळणं या दोन्हींना इथे राजाश्रय मिळाला. पेठापेठांचे फुटबॉल संघ आहेत. शाहू स्टेडियमवर सामना असला की आमच्या चौथीच्या पोरांचं लक्ष वर्गात राहत नाही. १७ वर्षांखालच्या मुलांचा विश्वचषक २०१७ मध्ये भारतात झाला, तेव्हा आपल्या संघात कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता. अशा गावात पोरं सुट्टीत बॉल काढणारच. अडचण एवढीच की चौथीच्या दहा-बारा मुलांचा तो एक खेळ मैदानाच्या लांबीभर चालायचा आणि बाकी सगळी शाळा भिंतीला चिकटून उभी असायची.

शेवटच्या दिवशी मी तिसरी-चौथीला कागद दिले आणि मैदान काढायला लावलं. आवडती जागा हिरवी रंगवायची, नको वाटते ती लाल. एका मुलीनं जवळजवळ अख्खं मैदान लाल केलं आणि पायऱ्या हिरव्या ठेवल्या. मी विचारलं, "तू खेळत का नाहीस गं?" ती म्हणाली, "खेळतो की बाई, पण पायरीवरच. मदी गेलो तर बॉल लागतोय." (आमच्याकडे मुलीही 'गेलो', 'आलो'च म्हणतात.) तिच्या मागच्या मुलीनं कागदाच्या कोपऱ्यात छडी घेतलेला माणूस काढून त्याच्याभोवती लाल गोल केला होता. त्या आठवड्यात सुट्टीवर देखरेख कुणाची होती ते मला माहीत होतं. त्याआधीच्या आठवड्यात ती माझी होती.

बैठक आणि ८०० तास

पुढच्या बैठकीत नकाशा टेबलावर ठेवला. सरांची खरी काळजी तासिकांची होती, आणि ती खोटी नव्हती. म्हणून शिक्षण हक्क कायद्याची अनुसूचीच सोबत नेली होती. २००९ च्या या कायद्यानुसार पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान २०० दिवस आणि ८०० तास अध्यापन लागतं, म्हणजे दिवसाला सरासरी ४ तास. आमची शाळा त्याहून जास्त वेळ भरते. ४० मिनिटांची सुट्टी देऊनही अध्यापनाचा एक मिनिट कमी पडत नव्हता. याच अनुसूचीत मैदान आणि प्रत्येक वर्गासाठी खेळाचं साहित्य हेही शाळेच्या आवश्यक गोष्टींत धरलं आहे. जागतिक आरोग्य संघटना ५ ते १७ वयाच्या मुलांसाठी दिवसाला सरासरी ६० मिनिटं दम लागेल अशी हालचाल सांगते. आमच्या कितीतरी मुलांचं घर एका खोलीचं आणि बाहेर गल्लीत दुचाक्यांची रांग. ती ६० मिनिटं शाळेत मिळाली नाहीत तर बहुतेकांना कुठेच मिळत नाहीत.

हे फक्त आपल्याकडचं नाही. इंग्लंडमधल्या शाळांची १९९५, २००६ आणि २०१७ अशी तीनदा पाहणी झाली, तेव्हा सगळ्यात लहान मुलांच्या सुट्टीत आठवड्याला सुमारे ४५ मिनिटांची घट झालेली दिसली. कारणं आमच्या बैठकीत निघाली तीच होती, अभ्यासक्रम पुरा करायचा आणि शिस्त राखायची.

सरांनी सहा महिने दिले. सुट्टी ४० मिनिटांचीच राहील आणि खर्चासाठी पैसे मागायचे नाहीत, अशी अट होती.

आधी वेळ

पहिला बदल सगळ्यात कमी देखणा होता आणि सगळ्यात जास्त उपयोगी पडला. पहिली-दुसरी दीडला जेवायला बसतील आणि तिसरी-चौथी मैदानात जातील, वीस मिनिटांनी अदलाबदल. टाकीजवळ एक प्लास्टिकचा पाइप आडवा बसवून त्याला भोकं पाडली, त्यामुळे एका वेळी दहा-बारा पोरं हात धुऊ लागली. नळावरच्या फुल्या पहिल्याच आठवड्यात जवळजवळ मिटल्या.

शेडमधल्या मावशी मात्र नाराज झाल्या. "दोनदा वाढायचं म्हंजे भात गार हुतोय, आणि गार भात पोरं टाकत्यात." त्यांचं बरोबर होतं. मग दुसऱ्या पातेल्यावर झाकण आणि त्यावर पोतं टाकून ठेवायचं ठरलं, आणि वाढायला चौथीची चार मुलं आळीपाळीनं येऊ लागली. महिन्याभरानं मावशींनीच सांगितलं की खेळून आलेली पोरं जास्त खातात, ताटात कमी टाकतात. आधी खेळ, मग जेवण हा क्रम मोठ्या मुलांना मानवला. लहानांना आधी जेवणच बरं पडतं, कारण दीडला ती भुकेनं रडवेली झालेली असतात.

मग जागा

फुटबॉलच्या बाबतीत आम्ही चुकलो. बंदी घातली. पोरं पाण्याची रिकामी बाटली लाथाडू लागली, बाटलीही काढून घेतली तर दगड. दोन दिवसांनी एक पालक फाटकात उभे. "बाई, कोल्हापूरच्या पोरानं फुटबॉल खेळायचा न्हाई, मग खेळायचं तर काय?" मला उत्तर देता आलं नाही.

मग चौथीच्याच पोरांना नकाशा दाखवला आणि म्हटलं, पायरीवरच्या मुलींना जागा कशी करायची ते तुम्हीच सांगा. अर्धा तास गलका झाला. शेवटी त्यांनी काढलेला तोडगा आमच्यापैकी कुणालाही सुचला नव्हता. गोल लांबीच्या टोकांना न ठेवता रुंदीत ठेवायचे, म्हणजे खेळ मैदानाच्या एका तृतीयांशात मावतो. चुन्याची रेघ मारायची, बॉल रेघेबाहेर गेला तर समोरच्या संघाला. बॉल रबरी आणि हलका. बुधवारी बॉल तिसरी-चौथीच्या मुलींचा. पहिल्या बुधवारी मुली आल्या आणि नुसत्या उभ्या राहिल्या. तिसऱ्या बुधवारी त्यांच्यातली एक मुलांच्या रेघेत घुसून खेळायला लागली, आणि तिला बाहेर काढायला कुणी धजलं नाही. नियम पोरांनीच केलेला असल्यामुळे तो मोडला की ओरडायलाही तीच पुढं असायची, आम्हाला काही बोलावं लागत नव्हतं.

सामान

उरलेली दोन तृतीयांश जागा आता मोकळी होती, आणि मोकळ्या जागेत काय करायचं हे मुलांना कळेना. सुरुवातीचे काही दिवस ती नुसती पळत होती, एकमेकांना आदळत होती. पैसे नव्हते म्हणून आम्ही मागायला निघालो. पंक्चरच्या दुकानातून दुचाकीचे झिजलेले टायर, लक्ष्मीपुरीतल्या दुकानांतून खोकी आणि रिकामी पोती, घराघरांतून जुन्या साड्या, सुताराकडून तासून गुळगुळीत केलेले लाकडाचे ठोकळे, आणि लगोरीसाठी फरशीचे तुकडे.

ही कल्पना आमची नाही. डेन्मार्कचे उद्यानरचनाकार सोरेन्सन यांच्या लक्षात आलं होतं की मुलं नीट आखलेल्या क्रीडांगणापेक्षा बांधकामाच्या पडीक सामानात जास्त रमतात. १९४३ मध्ये कोपनहेगनच्या एमड्रुप भागात त्यांच्या कल्पनेतून टाकाऊ सामानाचं पहिलं क्रीडांगण झालं. पुढे १९७१ मध्ये सायमन निकल्सन यांनी मांडलं की जागेत हलवता येण्याजोग्या सुट्या वस्तू जितक्या जास्त, तितका मुलांच्या कल्पकतेला वाव जास्त. घसरगुंडीवर घसरण्यापलीकडे फार काही करता येत नाही. आमच्याकडे एका पोत्याची एका सुट्टीत तालीम झाली, पूर आलेली पंचगंगा झाली आणि शेवटी आजारी म्हैस झाली.

आज्यांना बोलावलं तेव्हा मजा आली. सागरगोटे, काचापाणी, आंधळी कोशिंबीर त्यांनी शिकवली. एका आजोबांनी हौसेनं आट्यापाट्या आखल्या, पण पाट्या लांब आणि गडी कमी, पोरांना जमेना. दोन दिवसांनी पोरांनी त्या रेघांवर भलताच काहीतरी खेळ सुरू केला. आजोबा सुधारायला निघाले होते, मी त्यांना हाताला धरून पायरीवर बसवलं. तो खेळ मला अजूनही कळलेला नाही, पण दोन महिने चालला. विटी-दांडू मात्र चर्चा करून बाहेर ठेवला. एवढ्या दाटीत विटी डोळ्याला लागायची भीती खरी होती.

पहिल्या पावसात टायरांनी धडा दिला. जूनमध्ये त्यांत पाणी साठलं आणि साठलेल्या पाण्यात डेंग्यूचे डास होतात. शिपाई मामांनी एकेका टायरला खालून दोन-दोन भोकं पाडली, आणि शनिवारी सगळे टायर पालथे टाकायचं काम चौथीकडे आलं. तरी जुलै-ऑगस्टचा प्रश्न आम्हाला सुटलेला नाही. मैदानाचा चिखल होतो, सगळी शाळा व्हरांड्यात कोंबली जाते, आवाज असह्य होतो आणि नळांवरच्या फुल्या व्हरांड्यात उमटायला लागतात. पाऊस उघडला की अनवाणी चिखलात सोडावं असं माझं मत आहे. काही पालकांना आणि दोन सहकाऱ्यांना ते मान्य नाही, आणि कपडे धुणाऱ्या आईचं म्हणणं मला खोडून काढता येत नाही.

एक अपघातही झाला. तिसरीतला एक मुलगा पाच टायरांच्या चळतीवर चढला, चळत कलंडली आणि हनुवटीला टाके पडले. दुसऱ्या दिवशी सगळं सामान शेडमध्ये गेलं. शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत त्याचे वडील काय म्हणतात याची सगळ्यांनाच धास्ती होती. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "मी तालमीत हात मोडून घेतलावता, वस्तादांनी तालीम बंद केली न्हाई. पर खाली माती हुती, फरशी नव्हती." त्या एका वाक्यानं आमचं पुढचं सगळं ठरलं. टायर फरशीवरून मातीत हलवले, चळत दोनाचीच, रोज सकाळी मामा आणि दोन मुलं खिळे, फुटके कोपरे तपासतात, प्रथमोपचाराची पेटी कपाटातून पायरीवर आली. देखरेखीला दोन शिक्षक, एक नळापाशी, एक कडुनिंबाखाली, हात रिकामे.

शिक्षा म्हणून सुट्टी

हे लिहिताना मला सगळ्यात जड जातं आहे. गृहपाठ न केलेल्या मुलाला सुट्टीत वर्गात बसवून तो पुरा करून घ्यायचा, हे मी कित्येक वर्षं केलं. त्यात काही चूक आहे असं वाटलंही नाही. पायरीवरच्या आठवड्यात पाहिलं, तर खिडकीत रोज त्याच तिघांचे चेहरे. हीच ती वर्गात सगळ्यात जास्त चुळबुळ करणारी मुलं. ज्याला बसवत नाही त्याची पळायची एकमेव वेळ मी काढून घेत होते, आणि दुपारी तो बसत नाही म्हणून पुन्हा रागवत होते. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं २०१३ मध्येच स्पष्ट म्हटलं आहे की शिक्षा म्हणून किंवा अभ्यासासाठी मुलांची सुट्टी काढून घेऊ नये. आमच्या शाळेत ते आता बंद आहे. गृहपाठ राहिला तर परिपाठानंतर दहा मिनिटं मी सोबत बसते. तिघांपैकी दोघांचा गृहपाठ आजही राहतोच. दुपारची चुळबुळ मात्र कमी झाली आहे.

कच्चा लिंबू

नकाशात एक गोष्ट दिसली नव्हती. फुली भांडणाला होती. जो भांडतच नाही, कारण त्याला कुणी खेळातच धरत नाही, त्याची फुली कुठे मारणार?

विजापूरकडून आलेला दुसरीतला मुलगा असा होता. 'राज्य', 'भोज्या', 'टॅम्प्लीज' यातलं त्याला काहीच कळत नव्हतं, म्हणून तो झाडाला टेकून असायचा. एक दिवस मुलींनी जिबलीचे चौकोन आखले तेव्हा तो पुढं आला आणि म्हणाला, "कुंटेबिल्ले!" त्याच्या गावी त्या खेळाचं ते नाव. एका पायावर तो सगळ्यांपेक्षा सफाईनं जायचा. महिन्याभरात आमच्या पोरीही कुंटेबिल्लेच म्हणायला लागल्या.

तिसरीतला एक मुलगा दम्याचा. त्याला पोरं घ्यायची, पण कच्चा लिंबू म्हणून. तो बाद होत नाही, त्याच्यावर राज्य येत नाही. ही पद्धत मला आधी क्रूर वाटली आणि बंद करावी असं मनात आलं. मग लक्ष देऊन पाहिलं. पहिलीच्या पोरांना ती हवी असते. मोठ्यांच्या खेळात शिरायची ती वाट आहे, आणि ती मोठ्यांनी नव्हे, पोरांनी शोधलेली आहे. पण तिसरीत, वर्षभर, रोज? तो पळायचा, पण त्याच्या मागं कुणी लागत नसे.

त्याच्या आईनं प्रवेशाच्या वेळीच सांगितलं होतं, पळू देऊ नका. मी त्यांना शाळेत बोलावून घेतलं आणि म्हटलं, ताई, डॉक्टरांना एकदा विचारून बघा. डॉक्टरांनी सांगितलं की दमा औषधानं आटोक्यात असेल तर त्यानं खेळायलाच हवं, पंप जवळ असावा. पंप आता पायरीवरच्या पेटीत असतो. दम लागला तर काय करायचं ते त्याला आणि आम्हा सगळ्या शिक्षकांना नीट दाखवून दिलं आहे. पोरांना मी काही सांगितलं नाही. त्यालाच म्हटलं, तुला काय हवं ते तू सांग.

पंधरा दिवस तो काही बोलला नाही. मग एका गुरुवारी शिवाशिवीच्या घोळक्यात उभा राहून तो मोठ्यानं म्हणाला, "मी कच्चा लिंबू न्हाई. मला राज्य पायजे." पोरं थबकली. राज्य मागून घेणारं पोरगं त्यांनी कधी बघितलं नव्हतं. मग एक जण म्हणाला, "घे की मग," आणि सगळे उधळले.

त्या दिवशी त्याच्या हाताला कुणीही लागलं नाही. मध्ये दोनदा तो झाडाखाली येऊन बसला, एकदा पंप घेतला, आणि परत गेला. घंटा झाली तेव्हा पार घामेजलेला, तरी नळाच्या रांगेत मागच्याला बजावत होता, "उद्या माझ्यावरच राज्य हाय. दुसऱ्या कुणी घ्यायचं न्हाई."